शाळा सुटल्यानंतरचे अंगण : राष्ट्र सेवा दल आणि त्याच्या कलापथकाची वाटचाल

राष्ट्र सेवा दलाची बांधणी पुण्यात ४ जून १९४१ रोजी झाली. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये यांच्यासारखे सहकारी त्यांच्याबरोबर होते आणि साने गुरुजींचा जिव्हाळा पाठीशी होता. संघटना स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत जन्मली, म्हणून तिच्याविषयी लिहिताना बहुतेक वेळा राजकारणाचाच इतिहास लिहिला जातो. या लेखात तिच्या एका वेगळ्या कामाची नोंद घ्यायची आहे. दप्तर घरी टाकून मैदानावर धावत येणाऱ्या मुलामुलींना सेवा दलाने गाणी आणि लोकनृत्ये शिकवली. जात आणि धर्म न विचारता शिकवली, आणि त्या नाचगाण्यांतून त्यांना आपल्या देशाची ओळख करून दिली.

सुरतेतल्या बमरोलीच्या वाचकांसाठी हा इतिहास लिहिण्याला कारण आहे. बमरोली, पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून कापडाच्या कामासाठी माणसे आली, ती प्रामुख्याने ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने. विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झालेल्या या मार्गाने सुरतेला नंदुरबार आणि अमळनेर जोडले. ज्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात शिकवले आणि छात्रालय सांभाळले, ते अमळनेर आपल्यातल्या अनेकांच्या गावाशेजारचे आहे. त्यामुळे सेवा दलाचा इतिहास आपल्यासाठी परका नाही. त्याची मुळे आपल्याच मातीत आहेत.

पार्श्वभूमी : काकीनाडा, फैजपूर, हरिपुरा

तरुणांना शिस्त आणि सेवा शिकवणारी राष्ट्रीय संघटना असावी, या विचाराने डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ मध्ये काकीनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना केली. अधिवेशनातील व्यवस्था, प्रभातफेऱ्या, कवायत आणि राष्ट्रीय गीते ही त्या दलाची कामे होती. पुढे महाराष्ट्रात जे सेवा दल वाढले, त्याला हा वारसा मिळाला.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच शहर सोडून खेड्यात भरले. ते खेडे खानदेशातले फैजपूर होते, आणि ते अधिवेशन यशस्वी व्हावे म्हणून साने गुरुजींनी गावोगाव हिंडून कष्ट केले. त्यानंतर फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले ते आपल्या सुरत जिल्ह्यातल्या हरिपुऱ्याला. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी त्या अधिवेशनासाठी चित्रफलक रंगवले. शेतकरी, कारागीर, ढोलकरी, वादक आणि नर्तक असे साध्या गावजीवनाचे दर्शन त्यांत होते. गावाची कला ही राष्ट्राची कला आहे, हा विचार हरिपुऱ्याच्या मंडपात लोकांना डोळ्यांनी पाहता आला. पुढे सेवा दलाच्या कलापथकाने रंगमंचावर जे केले, त्यामागेही हीच धारणा होती.

१९४१ मध्ये सेवा दलाची नव्याने उभारणी करण्याची निकड आणखी एका कारणाने भासली. लहान मुलांना धर्माच्या नावाने एकत्र करणाऱ्या संघटना तेव्हा शहरांतून आणि गावांतून वाढत होत्या. सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची मुले आणि मुली जिथे एकत्र खेळतील असे ठिकाण हवे होते. राष्ट्रवाद, लोकशाही, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि विज्ञाननिष्ठा ही पाच मूल्ये सेवा दलाने स्वीकारली. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ही मूल्ये भाषणातून समजणार नाहीत, हे संस्थापकांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी खेळ, गाणे आणि नाच यांची वाट धरली.

संध्याकाळची शाखा

सेवा दलाचा पाया म्हणजे शाखा. एखादे मैदान, शाळेचे पटांगण किंवा वाड्यातले अंगण एवढे तिला पुरे असे. शाळा सुटली की मुले जमत. झेंडावंदन, कवायत, मैदानी खेळ, लेझीम, समूहगीत, एखादी गोष्ट किंवा छोटे बौद्धिक आणि शेवटी प्रार्थना, असा तासा-दीड तासाचा कार्यक्रम असे. मुलांना सैनिक म्हणत आणि शाखा चालवणाऱ्याला शाखानायक. हा शाखानायक अनेकदा स्वतःच कॉलेजात शिकणारा किंवा नुकता नोकरीला लागलेला तरुण असे.

या तासात लेझमीला मोठे मानाचे स्थान होते. एका हातात लाकडी दांडा, दुसऱ्या हातात लोखंडी साखळीची मूठ आणि साखळीत ओवलेल्या चकत्या. हलगीच्या ठेक्यावर चार आवाज, आठ आवाज, बैठक, वळण असे प्रकार करताना हात, पाय, कान आणि श्वास सारेच कामाला लागतात. लेझीम एकट्याने करून रंगत नाही. पन्नास मुलांचा आवाज एकदम पडला तरच त्यात जोर येतो, आणि एकाचा ठेका चुकला तर सगळ्यांना ऐकू येतो. आखाड्यातून आणि गावच्या जत्रेतून आलेला हा प्रकार शाखेवर मुलींच्या हातीही गेला, ही त्या काळातली मोठी गोष्ट होती.

१९४२ च्या आंदोलनात अनेक ज्येष्ठ कार्यकर्ते तुरुंगात गेले, काही भूमिगत झाले. अशा वेळी शाखा टिकवल्या त्या तरुण शाखानायकांनी. संस्थेच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे राहतात, पण ज्यांनी रोज संध्याकाळी वेळेवर शिट्टी वाजवली त्यांची नावे क्वचितच लिहिली जातात. सेवा दल उभे राहिले ते या अनाम नायकांच्या बळावर.

कलापथकाची उभारणी

शाखेवरच्या गाण्यांतून आणि नाचांतून १९४० च्या दशकात सेवा दलाचे कलापथक आकाराला आले. तो काळच लोककलेच्या नव्या जागृतीचा होता. इप्टा ही नाट्यसंस्था १९४३ मध्ये निघाली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. विचारांत वेगळेपण असले तरी पोवाडा, तमाशा आणि लोकगीत ही जनतेपर्यंत पोचण्याची खरी साधने आहेत, याबद्दल या सगळ्यांचे एकमत होते.

सेवा दलाच्या कलापथकाला कवी वसंत बापट यांचे नेतृत्व लाभले. १९२२ मध्ये कराडला जन्मलेले बापट १९४२ च्या लढ्यात उतरले होते, तुरुंगात जाऊन आले होते. संस्कृत आणि मराठीचे हे प्राध्यापक तमाशाच्या गण-गवळण-बतावणी-वगाच्या चौकटीत नवा आशय भरू लागले. लीलाधर हेगडे यांचा आवाज आणि सुधा वर्दे यांचे नृत्य यांनी कलापथकाला नाव मिळवून दिले. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य कलापथकाने गावोगाव केले. पुढे १९९९ मध्ये मुंबईच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बापटांना मिळाले. साहित्यातला हा मान मिळवणाऱ्या माणसाने उमेदीची कितीतरी वर्षे मुलांना गाणी शिकवण्यात आणि तालमी घेण्यात घातली, हे विसरता कामा नये.

कलापथकातल्या मुलींविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. त्या काळी तमाशाच्या बाजात पांढरपेशा घरातली मुलगी उभी राहणे समाजाला मानवणारे नव्हते. नाच म्हटला की कपाळाला आठ्या पडत. सेवा दलातल्या आईवडिलांनी आपल्या मुलींना तालमीला पाठवले, दौऱ्यावर पाठवले, आणि सहकारी कार्यकर्त्यांनी तो विश्वास सांभाळला. आज शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगी निर्धास्तपणे नाचते, त्यामागे अशा अनेक कुटुंबांचे धैर्य आहे.

पंढरपूरच्या वाटेवर

कलापथकाच्या कामाची कसोटी १९४७ मध्ये लागली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्राचा दौरा काढला. त्या दौऱ्यात सेवा दलाचे कलापथक त्यांच्याबरोबर होते. गावात पोचावे, चावडीपुढे गाणी आणि पोवाडे म्हणावेत, लोक जमले की गुरुजींनी बोलावे, असा क्रम चाले. १ मे रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केले आणि १० मे रोजी मंदिर खुले करण्याचा मार्ग मोकळा झाल्यावर ते सुटले.

या दौऱ्याच्या काळात गावोगावी मंदिरे आणि विहिरी खुल्या झाल्या. अमळनेरला शाळकरी वयात गुरुजींच्या सहवासात आलेले कृष्णराव साबळे, म्हणजे पुढचे शाहीर साबळे, यांच्यावरही याच विचाराचा ठसा होता. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमातून त्यांनी मराठी लोकनृत्ये आणि लोकगीते घराघरांत पोचवली. खानदेशातल्या एका शिक्षकाने पेरलेले बीज किती दूरवर उगवले, याचा हा पुरावा.

आंतरभारतीचे स्वप्न

स्वातंत्र्यानंतर गुरुजींच्या मनाला एका चिंतेने घेरले. प्रांत भाषेनुसार होतील ते योग्यच, पण मराठी माणसाला गुजराती, कानडी, बंगाली, तमिळ माणूस परका वाटू लागला तर? १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रत्येक भारतीयाने आपली भाषा जपावी आणि शेजाऱ्याची भाषा, साहित्य, गाणी, चालीरीती आपुलकीने शिकाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. स्वप्न अपुरे राहिले, पण सेवा दलाच्या कलापथकाने ते उचलून धरले.

‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’, ‘शिवदर्शन’, ‘आझादी की जंग’ असे भव्य नृत्यनाट्यात्म कार्यक्रम कलापथकाने उभे केले. ‘भारत दर्शन’मध्ये निरनिराळ्या राज्यांची लोकनृत्ये होती आणि ती करणारी मुले-मुली प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या साध्या घरांतली होती. दुसऱ्या प्रांताचा नाच शिकताना मुलाला त्या प्रांतातले पीक, हवा, पोशाख, सण आणि शब्द कळतात. भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा अंगात उतरतो. आंतरभारतीचा याहून सोपा पाठ दुसरा नसेल.

नाच काय शिकवतो

महाराष्ट्रातल्या शाळांमधून आणि शाखांमधून जी लोकनृत्ये रुजली, त्यांचा प्रत्येकाचा वेगळा गुण आहे. कोळीनृत्यात वल्ह्याची ओढ आणि लाटेवरचा झोका असतो, त्यातून मुलाला समुद्रावरच्या श्रमाची लय कळते. धनगरी गजात ढोलाभोवती रिंगण धरतात आणि हातातले रंगीत रुमाल एका झटक्यात उडतात. वारली तारपा नृत्यात तारपा वाजवणाऱ्याच्या इशाऱ्याकडे कान ठेवून साखळी वळते, हात एकमेकांच्या कमरेला असतात, म्हणून पुढे पळण्याची सोयच नाही. दिंडीत टाळ, मृदंग, पावली आणि मध्येच फुगडी येते, आणि भक्ती व खेळ एकत्र नांदतात.

या सगळ्यांत गोफ मुलांना विशेष आवडतो. वर बांधलेल्या रंगीत गोंड्यांची एकेक दोरी प्रत्येकाच्या हातात असते. टिपऱ्यांच्या ठेक्यावर एक आतून, एक बाहेरून असे जाताना दोऱ्यांची वेणी विणली जाते, आणि मग उलट पावलांनी ती वेणी उकलायची असते. एकाचे पाऊल चुकले तर गाठ बसते, ती सोडवायला सगळ्यांना थांबावे लागते. सहकार्याविषयी तासभर बोलून जे मुलाला समजणार नाही, ते गोफात अर्ध्या तासात समजते. विणण्याइतकेच उकलणेही मन लावून करावे लागते, हे तर मोठ्यांनीही शिकण्यासारखे आहे.

कलापथकाने घडवलेली माणसे

सेवा दलाचा हेतू कलावंत तयार करण्याचा नव्हता, चांगले नागरिक घडवण्याचा होता. तरीही त्या अंगणातून मोठे कलावंत निघाले. निळू फुले तरुणपणी पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत आणि ८० रुपये पगारातले १० रुपये सेवा दलाला देत. सेवा दलाच्या लोकनाट्यांतूनच त्यांचा अभिनय तयार झाला. दादा कोंडके आणि राम नगरकर यांची जडणघडणही याच वर्तुळात झाली.

स्मिता पाटील हिचे नाव खानदेशी वाचकांना जवळचे वाटेल. तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील मूळचे शिरपूरचे, स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे राज्याचे मंत्री. आई विद्याताई सेवा दलाच्या कार्यकर्त्या. १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात जन्मलेली स्मिता सेवा दलाच्या शाखेत वाढली आणि शाळकरी वयात कलापथकातून नाचली. पुढे पडद्यावर तिने ज्या कष्टकरी बाया उभ्या केल्या, त्यांच्या चालण्या-बसण्यातला खरेपणा तिला नुसत्या अभिनयाच्या अभ्यासातून मिळाला नसावा. गावोगावच्या दौऱ्यांत माणसे जवळून पाहण्याची सवय तिला लहानपणीच लागली होती.

सदानंद आणि सुधा वर्दे यांची कन्या झेलम परांजपे ही स्मिताची मैत्रीण आणि कलापथकातली सोबतीण. ती ओडिसी शैलीतली नामवंत नर्तकी झाली. १३ डिसेंबर १९८६ रोजी स्मिता गेली, आणि १९८९ मध्ये झेलमताईंनी तिच्या स्मरणार्थ मुंबईत ‘स्मितालय’ ही नृत्यसंस्था सुरू केली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले गणित त्यांनी ओडिसी नृत्यातून मांडले. आईने कलापथकात मुलांना लोकनृत्य शिकवले, लेकीने पुढच्या पिढीला शास्त्रीय नृत्य शिकवले. शिकवण्याची ही परंपरा अखंड राहिली.

दूरदेशी असाच एक प्रयोग

मुलांच्या हाती लोकनृत्य देण्याचा विचार जगात इतरत्रही झाला. मेक्सिकोत १९१० च्या क्रांतीनंतर १९२१ मध्ये नवे शिक्षण मंत्रालय स्थापन झाले आणि होसे वास्कोन्सेलोस त्याचे पहिले मंत्री झाले. १९२३ पासून तिथे सांस्कृतिक पथके खेड्यापाड्यांत जाऊ लागली. शिक्षकांनी गावचे नाच टिपून घेतले आणि शाळांत आणले. १९५२ मध्ये आमालिया एर्नांदेस यांनी स्थापन केलेल्या नृत्यसंस्थेने तेच नाच जगभरच्या रंगमंचांवर नेले.

आपल्या दृष्टीने त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कामाच्या शोधात लाखो मेक्सिकन कुटुंबे अमेरिकेत गेली. तिथे जन्मलेली मुले इंग्रजी शाळेत जातात, आणि अनेक ठिकाणी शाळा सुटल्यावर त्याच शाळेच्या सभागृहात आजोळचे नाच शिकतात. व्हेराक्रूस प्रांताच्या ‘ला बांबा’ नाचात जोडी हात न लावता, केवळ पायांनी लांब फितीची गाठ बांधते. युकातानमध्ये खांबाला बांधलेल्या रंगीत फिती नाचता नाचता विणतात आणि उकलतात, अगदी आपल्या गोफासारख्या. घर सोडून आलेल्या माणसांच्या मुलांना आपण कोण, कुठले हे कळावे, आणि शेजाऱ्यालाही ते आनंदाने दाखवता यावे, ही गरज तिथेही आहे आणि इथेही.

बमरोलीसाठी या इतिहासाचा अर्थ

बमरोलीच्या शेजारी पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. लूम, प्रोसेस हाऊस, जरी आणि एम्ब्रॉयडरी यांवर इथली घरे चालतात. लूमच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या असतात. शाळा सुटल्यापासून आईवडील घरी येईपर्यंतचा वेळ अनेक मुलांना एकट्याने काढावा लागतो, आणि बहुतेकदा तो मोबाइलच्या स्वाधीन होतो. सेवा दलाने ज्या वेळेचे मोल ओळखले, तीच ही वेळ.

आणि आंतरभारतीला याहून योग्य भूमी कुठली? सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. एकाच गल्लीत श्रावणात कानबाईचे रोट होतात, नवरात्रात गरबा रंगतो, दिवाळीनंतर छठपूजेची गाणी ऐकू येतात. खानदेशी आजीला आखाजीची आणि कानबाईची अहिराणी गाणी तोंडपाठ आहेत. डांगचे पावरीच्या सुरावरचे नाच दूरचे नाहीत. वसंत बापटांच्या कलापथकाला ‘भारत दर्शन’ घडवण्यासाठी प्रांतोप्रांतीची नृत्ये शोधून आणावी लागली. बमरोलीत ती शेजारच्या दारात उभी आहेत.

आज शाळांच्या संमेलनांत पंधरा दिवसांत सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवला जातो, भाड्याचा पोशाख येतो आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. सेवा दलाच्या अनुभवातून घेण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. आठवड्यातले ठरलेले दिवस आणि ठरलेली वेळ पाळावी. सुरुवात लेझीम, टिपरी किंवा गोफ यांच्यापासून करावी, कारण त्यांत मागच्या रांगेतल्या मुलालाही पहिल्या दिवसापासून जागा असते. मुली आणि मुले एकत्र असावीत. आपल्या घरच्या आज्यांना शिकवायला बोलवावे. मराठी मुलांनी शेजारच्या ओडिया मित्राकडून एक नाच शिकावा आणि त्याला एक शिकवावा. निवड करून चांगले नाचणारेच पुढे काढू नयेत. येईल त्या मुलाला रिंगणात घ्यावे.

मंच, ध्वनिवर्धक आणि झगमगीत कपडे यांची व्यवस्था नंतरही होते. सेवा दलाच्या शाखा जिथे टिकल्या तिथे एकच गोष्ट समान होती. पाऊस असो, परीक्षा असो, मुले चार येवोत की चाळीस, नियमाने हजर राहणारा एक शाखानायक तिथे होता. आठ दशकांहून जुन्या या संस्थेकडून बमरोलीने घ्यावे ते हेच. वसाहतीतल्या शिकलेल्या तरुण-तरुणींनी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलांसाठी राखून ठेवाव्यात आणि पालकांनी, शाळांनी, मंडळांनी त्यांना जागा आणि साथ द्यावी. तेवढ्याने इथे कामाला लागता येईल.